तारेकडून हबकडे : घरगुती बिनतारी सुरक्षा कॅमेऱ्याच्या जोडणीचा ऐतिहासिक अभ्यास (१९६६ ते २०२५)

प्रस्तावना :

घराचे रक्षण ही मानवाची प्राचीन गरज आहे. कुलूप, कडी, कुंपण आणि राखणदार ही त्या गरजेची पारंपरिक साधने होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या साधनांमध्ये कॅमेऱ्याची भर पडली आणि एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो कॅमेरा तारेच्या बंधनातून मुक्त झाला. आज बाजारात मिळणारा बॅटरीवर चालणारा कॅमेरा खिळ्याला अडकवून काही मिनिटांत सुरू करता येतो आणि त्याचे चित्र शेकडो किलोमीटर अंतरावरील भ्रमणध्वनीवर पाहता येते. या सोयीमागे कॅमेरा, हब, राउटर आणि दूरस्थ सर्व्हर अशी चार दुव्यांची साखळी उभी असते. ही साखळी एका दिवसात निर्माण झालेली नाही. रेडिओ लहरींविषयीचे शासकीय निर्णय, अभियंत्यांच्या समित्यांनी ठरविलेली मानके आणि सुरक्षिततेतील अपयशे यांमधून ती क्रमाक्रमाने घडत गेली.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात मोठ्या यंत्रांची नोंद होते. परंतु घराच्या भिंतीवरील लहान उपकरणांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः खासगी जीवन आणि सार्वजनिक व्यवस्था यांमधील सीमारेषा ज्या साधनांनी बदलली, त्यांत या कॅमेऱ्याचा समावेश करावा लागतो. प्रस्तुत शोधनिबंधात या कॅमेऱ्याच्या जोडणीचा इतिहास तपासण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१. घरगुती सुरक्षा कॅमेऱ्याच्या जोडणीतील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२. कॅमेरा, हब आणि नेटवर्क यांच्यातील परस्परसंबंध व कार्यपद्धती स्पष्ट करणे.
३. जोडणीतील बदलांमुळे रहिवाशाच्या नियंत्रणावर आणि खासगीपणावर झालेल्या परिणामांचे विवेचन करणे.

गृहीतक :

कॅमेऱ्याची तार नाहीशी झाली तरी त्याचे परावलंबित्व संपले नाही. जोडणीचा मध्यबिंदू घरातून घराबाहेर सरकला आणि त्याबरोबर नियंत्रणाचा काही भागही घराबाहेर गेला.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. त्यासाठी पेटंट, तांत्रिक मानके, शासकीय निर्णय व समकालीन घटनांविषयीचे मुद्रित साहित्य यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१) रहिवाशाच्या हातातील कॅमेरा

बंद परिपथ दूरचित्रवाणीचा आरंभीचा ज्ञात उपयोग युद्धाशी संबंधित आहे. १९४२ मध्ये जर्मनीतील पेनेमुंडे येथे व्ही-२ अग्निबाणाची उड्डाणे सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी अशी यंत्रणा वापरण्यात आली. घराच्या दारापर्यंत येण्यास तिला सुमारे पाव शतक लागले. न्यूयॉर्क शहरातील क्वीन्स भागात राहणाऱ्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या व्यवसायाने परिचारिका होत्या. त्यांच्या कामाच्या वेळा अनियमित होत्या, परिसरात गुन्ह्यांचे प्रमाण मोठे होते आणि पोलिसांची मदत वेळेवर मिळत नसे. रात्री-अपरात्री दारावर थाप पडली तर बाहेर कोण आहे हे दार न उघडता कळावे, ही त्यांची साधी गरज होती. त्यांनी आपले पती व इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ अल्बर्ट ब्राऊन यांच्यासमवेत १ ऑगस्ट १९६६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना अमेरिकेचे ३४,८२,०३७ या क्रमांकाचे पेटंट मिळाले.

या आराखड्यात दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे होती आणि त्यांमधून पाहण्यासाठी कॅमेरा वर-खाली सरकत असे. आत पडद्यावर चित्र दिसे, आगंतुकाशी बोलता येत असे, दुरूनच दाराचे कुलूप उघडता येत असे आणि प्रसंगी धोक्याची सूचना सुरक्षा यंत्रणेला देता येत असे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या रचनेत पाहणारी व्यक्ती घरातच होती. चित्र कोणाला दाखवायचे, मदत केव्हा मागवायची आणि दार कोणासाठी उघडायचे, हे तिन्ही निर्णय रहिवाशाकडे होते. पुढील अर्धशतकातील बदलांचे मोजमाप करण्यासाठी हा आराखडा आधाररेषा म्हणून उपयोगी पडतो.

२) हबचा पूर्वज : एक्स-टेन

घरातील अनेक उपकरणांना एका केंद्राशी जोडण्याची कल्पना कॅमेऱ्यापेक्षा वेगळ्या वाटेने विकसित झाली. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या संस्थेने १९७५ मध्ये एक्स-टेन ही पद्धती तयार केली. घरात नव्या तारा न टाकता विजेच्या आहे त्याच तारांमधून आज्ञा पाठविणे, हे तिचे सूत्र होते. सोळा गृहसंकेत आणि प्रत्येकात सोळा उपकरणे अशा रीतीने एकूण २५६ पत्ते तिच्यात उपलब्ध होते. एका नियंत्रक पेटीवरील कळ दाबली की दुसऱ्या खोलीतील दिवा लागे अथवा विझे.

ही नियंत्रक पेटी म्हणजे आजच्या हबची पूर्वज होय. तिला इंटरनेट, खाते अथवा संकेतशब्द यांची आवश्यकता नव्हती. तिच्यात दोषही होता. विजेच्या तारा घराच्या भिंतीशी थांबत नाहीत. त्यामुळे समान गृहसंकेत वापरणाऱ्या शेजाऱ्याच्या आज्ञेने आपल्या घरातील दिवा लागण्याचे प्रकार घडत. संदेश कोणाचा आहे हे ओळखण्याची सोय नसेल तर जोडणी सुरक्षित राहत नाही, हा धडा या लहानशा गैरसोयीत दडलेला होता. कॅमेऱ्याच्या बाबतीत तो पुढे अधिक गंभीर स्वरूपात समोर आला.

३) परवानामुक्त लहरी आणि वाय-फायचा उदय

बिनतारी कॅमेऱ्याचा खरा पाया प्रयोगशाळेइतकाच प्रशासकीय निर्णयात आहे. रेडिओ लहरींचा वापर हा दीर्घकाळ परवान्याच्या अधीन होता. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ९ मे १९८५ रोजी औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी राखून ठेवलेल्या तीन पट्ट्यांमध्ये विस्तारित वर्णपटाच्या पद्धतीने परवान्याविना संदेशवहन करण्यास मुभा दिली. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ आणि ५७२५ ते ५८५० मेगाहर्ट्झ हे ते पट्टे होत. आयोगातील अभियंते मायकेल मार्कस यांनी या धोरणाचा पाठपुरावा केला होता. मायक्रोवेव्ह भट्टीसारखी उपकरणे याच परिसरात गोंगाट निर्माण करीत असल्याने हे पट्टे दळणवळणासाठी निरुपयोगी मानले जात. या दुर्लक्षित जागेतूनच पुढे घराघरांतील बिनतारी नेटवर्क उभे राहिले.

परवाना सुटला तरी वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांशी बोलू शकत नव्हती. त्यासाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेची ८०२.११ ही समिती १९९० मध्ये स्थापन झाली. व्हिक हेस हे तिचे अध्यक्ष होते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानकाचा वेग सेकंदाला १ ते २ मेगाबिट इतका होता. १९९९ च्या ८०२.११-बी या सुधारणेने तो ११ मेगाबिटपर्यंत नेला. वाय-फाय हे नाव त्याच वर्षी प्रचारात आले.

या मानकातील दोन तरतुदी कॅमेऱ्याच्या इतिहासात निर्णायक ठरल्या. पहिली म्हणजे मध्यवर्ती प्रवेशबिंदूची रचना. तीत उपकरणे परस्परांशी थेट न बोलता एका केंद्रामार्फत बोलतात. केंद्र आपल्या अस्तित्वाची सूचना सेकंदाला साधारणतः दहा वेळा प्रसृत करते. उपकरण ती ऐकते, आपली ओळख पटवून देते आणि मग सदस्य म्हणून नोंदले जाते. दुसरी तरतूद म्हणजे ऊर्जाबचतीची. उपकरण झोपले असता त्याच्यासाठी आलेले संदेश केंद्र स्वतःजवळ सांभाळून ठेवते आणि जागे झाल्यावर सुपूर्द करते. उपकरणाने झोपावे आणि केंद्राने जागावे ही श्रमविभागणी १९९७ च्या मानकातच होती. बॅटरीवरील कॅमेऱ्याने तिचा पुढे पुरेपूर उपयोग करून घेतला.

भारतात १८८५ च्या तार कायद्याने आणि १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने अशा उपकरणांना परवान्याच्या चौकटीत ठेवले होते. २००५ मध्ये केंद्र शासनाने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा विस्तृत भाग २०१८ मध्ये खुला झाला. अमेरिकेतील निर्णय आणि भारतातील निर्णय यांमधील वीस वर्षांचे अंतर लक्षात घेण्यासारखे आहे.

४) घरातील राउटर, जगासमोरील कॅमेरा

नेटवर्कवरील कॅमेऱ्याचा प्रारंभ एका कॉफीच्या भांड्यापासून झाला. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील संशोधकांनी ट्रोजन रूम या दालनाबाहेरील कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. भांडे रिकामे आहे की भरलेले, हे जागेवरूनच कळावे एवढाच त्यांचा हेतू होता. १९९३ मध्ये हे चित्र वर्ल्ड वाइड वेबवर आले आणि २२ ऑगस्ट २००१ रोजी तो कॅमेरा बंद करण्यात आला. स्वीडनमधील लुंड येथील ॲक्सिस या कंपनीने १९९६ मध्ये संगणकाच्या मदतीशिवाय थेट नेटवर्कला जोडता येणारा ‘नेटआय २००’ हा कॅमेरा बाजारात आणला. कॅमेऱ्यालाच स्वतःचा पत्ता आणि स्वतःचा लहानसा सर्व्हर लाभला.

हा कॅमेरा घरात आणताना एक अडचण उभी राहिली. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ते ३२ बिटांचे असल्याने त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. त्यांचा तुटवडा लक्षात घेऊन १९९४ मध्ये पत्तारूपांतराची पद्धत मांडण्यात आली. तिच्यानुसार घरातील सर्व उपकरणे राउटरच्या एकाच सार्वजनिक पत्त्याआड राहतात. आतून बाहेर जाणे सोपे असते. परंतु बाहेरून आत येणाऱ्याला कोणत्या उपकरणाकडे जायचे ते कळत नाही. त्यामुळे कार्यालयातून घरातील कॅमेरा पाहू इच्छिणाऱ्या ग्राहकाला राउटरमध्ये मुद्दाम एक वाट मोकळी करावी लागे. तांत्रिक भाषेत यास पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. घरात शिरण्यासाठी मालकाने केलेली ही वाट अर्थातच इतरांसाठीही खुली असे.

याच काळात बिनतारी दुव्याचे दोषही उघड झाले. २.४ गिगाहर्ट्झवर साध्या अनुरूप पद्धतीने चित्र प्रक्षेपित करणारे स्वस्त कॅमेरे अमेरिकेत लोकप्रिय होते. त्यांचे चित्र सारखाच ग्राही बाळगणाऱ्या रस्त्यावरील व्यक्तीलाही दिसू शकते, ही बाब एप्रिल २००२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने निदर्शनास आणली. मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी बसविलेल्या कॅमेऱ्याने घरच उघडे पाडले, असा हा विरोधाभास होता. वाय-फायची मूळ संरक्षणपद्धतीही टिकली नाही. ‘तारेइतकी गोपनीयता’ अशा अर्थाचे नाव धारण करणारी वेप ही पद्धत २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन व शमीर यांनी कमकुवत असल्याचे सिद्ध केले. तिची जागा २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये अधिक भक्कम अशा डब्ल्यूपीए-२ ने घेतली.

लहरी सुरक्षित झाल्या तरी मोकळी वाट तशीच राहिली. जानेवारी २०१२ मध्ये ट्रेंडनेट या कंपनीच्या सुमारे ७०० कॅमेऱ्यांची थेट चित्रे इंटरनेटवर उघड झाली. त्यांत झोपलेली बालके आणि घरातील दैनंदिन व्यवहार दिसत होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१३ मध्ये या कंपनीविरुद्धच्या कार्यवाहीत तडजोड जाहीर केली. पुढे २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले संकेतशब्द न बदललेले कॅमेरे, चित्रमुद्रक आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्यासाठी तिला साठच्या आसपास ठरावीक नाव-संकेतशब्दांच्या जोड्या पुरेशा ठरल्या. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच उपकरणांच्या साहाय्याने डिन या कंपनीवर झालेल्या हल्ल्यामुळे अनेक प्रमुख संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. घराच्या राखणीसाठी आणलेली साधने दुसऱ्यावरील हल्ल्यासाठी वापरली गेली.

५) हबयुक्त रचनेचा उदय

दुसऱ्या दशकात तीन गोष्टी एकत्र आल्या. कमी वीज वापरणारे सीमॉस प्रतिमाग्राहक, २००३ मध्ये मान्यता मिळालेली एच.२६४ ही चित्रसंक्षेपाची पद्धत आणि घरोघरी पोहोचलेले वाय-फाय यांमुळे विजेची तारही काढून टाकणे शक्य झाले. नेटगिअर या कंपनीने २०१२ मध्ये बॅटरीवरील कॅमेरे बनविणारी अवाक ही कंपनी विकत घेतली आणि २०१४ मध्ये आर्लो ही मालिका सादर केली. त्याच वर्षी ब्लिंक हा कॅमेरा लोकवर्गणीतून पुढे आला. २०१७ च्या अखेरीस तो ॲमेझॉनच्या मालकीचा झाला.

आर्लोच्या मूळ रचनेत हब विजेवर चालतो आणि इथरनेटच्या तारेने राउटरला जोडलेला असतो. कॅमेरे घरातील सर्वसाधारण वाय-फायमध्ये सामील होत नाहीत. हब त्यांच्यासाठी २.४ गिगाहर्ट्झवर स्वतःचे स्वतंत्र नेटवर्क चालवितो. या पट्ट्यातील लहरी ५ गिगाहर्ट्झच्या तुलनेने भिंतींतून अधिक चांगल्या रीतीने पार होतात. प्रथम जोडणी करताना हब व कॅमेरा या दोहोंवरील कळ दाबली जाते आणि त्या अल्प अवधीत दोघे एकमेकांची ओळख व गुप्त किल्ली निश्चित करतात. कळ दाबण्यासाठी माणूस प्रत्यक्ष घरात असावा लागतो, हेच या पद्धतीतील संरक्षण होय.

जोडणी झाल्यावर कॅमेरा बहुतांश वेळ निद्रिस्त असतो. शरीराची उष्णता ओळखणारा अवरक्त संवेदक तेवढा जागा राहतो. समोरून कोणी गेले की संवेदक कॅमेऱ्याला उठवितो, कॅमेरा चित्रणास सुरुवात करून ते हबकडे पाठवितो, हब ते राउटरमार्फत कंपनीच्या सर्व्हरकडे नेतो आणि सर्व्हर भ्रमणध्वनीवर सूचना धाडतो. ब्लिंकच्या रचनेत थोडा फरक आहे. तेथील हब स्वतंत्र, कमी वारंवारितेच्या रेडिओ दुव्यावरून कॅमेऱ्याला जागे करण्याचे काम करतो आणि चित्र मात्र कॅमेरा घरातील वाय-फायवरून थेट पाठवितो. पहिल्या रचनेत हब वाहक आहे, तर दुसऱ्या रचनेत तो मुख्यतः निरोप्या आहे.

दोन्ही रचनांनी मोकळ्या वाटेचा प्रश्न सोडविला. घरातील उपकरण स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधते आणि भ्रमणध्वनीही त्याच सर्व्हरकडे जातो. दोघांची भेट घराबाहेर होते. त्यामुळे राउटरमध्ये कोणतीही वाट मोकळी ठेवावी लागत नाही. सामान्य ग्राहकाला हा मोठाच दिलासा होता. परंतु भेटीची जागा आता कंपनीच्या मालकीची झाली.

६) मध्यबिंदूच्या स्थलांतराचे परिणाम

या स्थलांतराचा पहिला परिणाम म्हणजे उपकरणाचे आयुष्य कंपनीच्या निर्णयाशी बांधले गेले. रिव्हॉल्व्ह या गृहनियंत्रक हबची निर्माती कंपनी २०१४ मध्ये नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. सुस्थितीतील हब त्या दिवसापासून निरुपयोगी झाले. २००५ मध्ये एक्स-टेनशी सुसंगत अशी नवी पद्धती म्हणून आलेल्या इन्स्टिऑनचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये अचानक थांबले. पुढे वापरकर्त्यांच्याच एका गटाने ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. १९७५ च्या नियंत्रक पेटीला असे मरण शक्य नव्हते, कारण तिचा प्राण घराबाहेर ठेवलेला नव्हता.

दुसरा परिणाम खासगीपणाशी निगडित आहे. चित्र घराबाहेर साठविले गेले की ते पाहू शकणाऱ्यांची संख्या वाढते. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या कंपनीवर, तिच्या कर्मचाऱ्यांना व कंत्राटदारांना ग्राहकांची खासगी चित्रणे पाहता येत होती, असा आरोप ठेवला आणि ५८ लाख डॉलरच्या भरपाईची तडजोड झाली. दार कोणासाठी उघडायचे हे ठरविणाऱ्या रहिवाशाला आता आपल्या दाराकडे कोण पाहत आहे याची खात्री उरली नव्हती.

कायद्याने या बदलाची दखल उशिरा घेतली. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२० पासून जोडणीक्षम उपकरणांसाठी वाजवी सुरक्षेची अट घालणारा कायदा लागू झाला. सर्व नगांसाठी एकच कारखानी संकेतशब्द ठेवण्याच्या प्रथेला त्याने आळा घातला. ब्रिटनमध्ये तशा तरतुदी २९ एप्रिल २०२४ पासून अमलात आल्या. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक आवश्यक निकष केंद्र शासनाने २०२४ मध्ये अधिसूचित केले आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. हे निकष उपकरणाच्या सुरक्षिततेची हमी देऊ पाहतात. दूरच्या सर्व्हरवर साठलेल्या चित्रावर रहिवाशाची सत्ता किती, हा प्रश्न त्यापलीकडचा आहे.

निष्कर्ष :

१. घरगुती बिनतारी कॅमेऱ्याचा उदय हा केवळ शोधाचा परिणाम नसून १९८५ चा परवानामुक्तीचा निर्णय आणि १९९७ चे मानक यांवर तो आधारलेला आहे.
२. हबची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. १९७५ च्या नियंत्रक पेटीत ती बीजरूपाने आढळते.
३. हबयुक्त रचनेमुळे बॅटरीची बचत झाली व राउटरमधील मोकळ्या वाटेचा धोका टळला. तथापि तिने ग्राहकाला कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून ठेवले.
४. जोडणीचा मध्यबिंदू १९६६ मध्ये रहिवाशाजवळ, १९९६ नंतर राउटरपाशी आणि २०१४ नंतर दूरस्थ सर्व्हरवर आढळतो. यावरून गृहीतकास पुष्टी मिळते.

समारोप :

मारी ब्राऊन यांच्या आराखड्यातील कॅमेरा जड, खर्चिक आणि दाराशी जखडलेला होता. आजचा कॅमेरा हलका, स्वस्त आणि कोठेही लावता येण्याजोगा आहे. या प्रगतीचे मोल नाकारता येणार नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना आणि रात्रपाळी करून उशिरा घरी परतणाऱ्या स्त्रियांना तिने आधार दिला आहे, आणि ब्राऊन यांची मूळ गरजही हीच होती. मात्र चित्र घरातील हबमध्येच साठविण्याची सोय देणाऱ्या, तसेच पाठविणाऱ्यापासून पाहणाऱ्यापर्यंत कूटबद्ध राहणाऱ्या रचना उपलब्ध असताना, त्यांची निवड ग्राहकाने जाणीवपूर्वक करणे आवश्यक ठरते. कॅमेरा विकत घेताना त्याच्या चित्राची स्पष्टता विचारली जाते. ते चित्र कोठे जाते आणि कंपनी बंद पडल्यास उपकरणाचे काय होते, हे दोन प्रश्नही त्याच वेळी विचारले गेले पाहिजेत.